जजच्या तोंडातलं लोखंड

३ सप्टेंबर, मंगळवार

जजनं आज पुन्हा मान झटकली. कुंपणापासून पाणवठ्यापर्यंत मोजून एकतीस वेळा! मग मागच्या पायांवर उभा राहिला आणि माझी टोपी गेली सेजच्या झुडपात. ती ड्वेननं आणून दिली. "साहेब, तुमची टोपी." टेक्सासहून आलेला हा माणूस सगळ्यांनाच साहेब म्हणतो, बैलालासुद्धा. परवा पाण्याच्या मोटारीला म्हणताना ऐकलं.

जज माझ्या वाट्याच्या सहा घोड्यांतला. नऊ वर्षांचा, तांबडा, आयाळ काळी. नाव मीच ठेवलं — शिंगरू होता तेव्हापासून असा बघायचा की आता शिक्षा सुनावतो. पाच वर्षं घातली मी त्याच्यात. आधी नुसती नाकावरची दोरी, तोंडात काही नाही. मग दोन वर्षं दोन्ही — नाकावर दोरी आणि तोंडात लगामाचं लोखंड, पण लोखंड ओढायचं नाही, त्यानं ते नुसतं तोंडात बाळगायला शिकायचं. मग शेवटी फक्त लोखंड. नेवाडात घोडा असा बनतो. तेवढ्या काळात टेक्सासात माणसं दोनदा लग्न करतात आणि दोनदा मोडतात.

एप्रिलपर्यंत माझ्या करंगळीवर चालायचा. मी मनात म्हणायचो आणि तो वळायचा. आणि आता हे! मे महिन्यात म्हणालो होतो, आज जेवताना सगळ्यांसमोर पुन्हा म्हणालो — पंधरा ऑक्टोबरला लिलावाचा ट्रक येतोय, तोवर सुधारला नाही तर मी स्वतः त्याला ट्रकमध्ये चढवीन. तोंड बिघडलेल्या घोड्याला लिलावात एकच गिऱ्हाईक मिळतं, आणि ते गिऱ्हाईक खोगीर मागत नाही, वजनाचा भाव विचारतं. सगळे ताटात बघत बसले.

४ सप्टेंबर

लिहिताना वही हलते. टेबलाचा एक पाय आखूड आहे. पुठ्ठा घातला.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मायते माझा कप अर्धाच भरते. महिनेच्या महिने बघतोय. सत्तरीची बाई, चाळीस वर्षं या रँचवर रांधतेय, पण कॉफी जणू स्वतःच्या माहेरहून आणते. ड्वेनचा कप काठोकाठ! म्हटलं, मायते, माझ्या कपाला भोक आहे का? म्हणाली, "परत माग की, मी काय पळून चाललेय?" तीन वेळा मागितली, तीनदा अर्धा. चिक्कू बाई.

जजबद्दल मात्र अजून कोणी एक शब्द काढलेला नाही. काढणारही नाहीत, आमच्यात तशी पद्धतच नाही. ज्याच्या वाट्याचे घोडे, त्याचे. दुसऱ्यानं त्यावर बसणं दूरच, "तुझा घोडा असं का करतो?" विचारणंसुद्धा बेअदबी. कारभाऱ्यालाही तोच नियम. त्यानं कोणाच्या वाट्यातला घोडा काढून घेतला तर त्याचा अर्थ एकच — वळकटी बांध आणि चालू लाग. तोंडानं काही सांगावं लागत नाही. लोर्नाच्या बापानं एकदा एकाचा घोडा काढला, तो माणूस समोरचं जेवण अर्धं टाकून निघून गेला. आता बापाच्या जागी लोर्ना कारभार बघते. हा नियम तिला मीच शिकवला, ती आठ वर्षांची असताना. आता चौतिसाची आहे, मला काका म्हणते आणि वर हुकूम सोडते.

१० सप्टेंबर, मंगळवार

दोष लोखंडाचाच. दुसरं काय असणार?

सध्या जजच्या तोंडात माझ्या वारलेल्या व्हर्नकाकाचं आहे. बाजूच्या दांड्यांवर चांदीचं काम, मधे उंच कमान, कमानीवर चमच्यासारखं पातं, आणि त्याखाली तांब्याची फिरकी. घोडा जिभेनं फिरकी फिरवतो आणि किर्र आवाज येतो. आम्ही तिला रातकिडा म्हणतो. रातकिडा गात असला की घोडा खुशीत. या लोखंडाला हातानं ओढायचं नसतं. नुसती बोटं हलली तरी घोड्याला कळतं. नवशिक्याच्या हाती दिलं तर घोड्याचं तोंड फाडून ठेवील. म्हणूनच ते माझ्याकडे आहे आणि ड्वेनकडे नाही.

पण काकाचा घोडा अरुंद तोंडाचा होता. जजचं तोंड रुंद, जीभ जाड. पातं टाळूला लागत असणार. शनिवारी एल्को गावाला, लोखंडं घडवणाऱ्या फ्लॉइडकडे जातो.

१४ सप्टेंबर, शनिवार

फ्लॉइडच्या दुकानात लोखंडांनी भरलेली भिंत आहे. सांध्याची, बिनसांध्याची, बुटक्या कमानीची, उंच कमानीची, तांब्याची, आणि गंज चढू दिलेल्या मऊ लोखंडाची — गंजाची चव लागली की घोड्याला लाळ सुटते म्हणे. चाळीस वर्षं हा माणूस भट्टीपुढे बसून मिश्या जाळतोय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हात दाखव."

"भविष्य बघतोस की काय?"

"लगाम धर लेका. बघू दे कसा धरतोस."

मला! त्रेसष्ट वर्षांचा आहे मी. आईचं बोट सोडलं ते लगामच धरला. म्हटलं, तुझ्याकडे माल घ्यायला आलोय, परीक्षेला नाही. तो नुसता भिंतीकडे बघत म्हणाला, "एक लक्षात ठेव. काम जेवढं नाजूक, तेवढं घोड्याला बारीक ऐकू जातं. नको ते पण."

बुटक्या कमानीचं तांब्याचं घेतलं. निघताना म्हणतो, "परत येशील." गिऱ्हाईक बांधून ठेवायची युक्ती, दुसरं काय!

हो, सकाळी निघताना लोर्ना गाडीच्या खिडकीशी आली होती. "काका, एल्कोला जाताच आहात तर डॉक्टरला पण भेटा."

"घोड्याच्या?"

"नाही." मग उगाच टायरला लाथ मारून म्हणाली, "हवा कमी वाटते." हवा चांगली भरलेली होती. बापासारखीच, बोलायचं एक आणि लाथ मारायची भलत्यालाच.

१७ सप्टेंबर, मंगळवार

गाडीच्या दारात डावा अंगठा चेमटला. निळा झालाय. लगाम दोन-तीन दिवस उजव्या हातात धरावा लागणार. फास टाकायचा प्रश्न नाहीच — एप्रिलात वासरांना डाग देताना माझे दोन फास हुकले (वारा होता!) तेव्हापासून लोर्ना मला फास टाकायला देत नाही. कळपाच्या कडेला उभं करते. "कळप तुमच्याइतका शांत कोणाला धरता येत नाही, काका." लोणी लावते आणि कोपऱ्यात ठेवते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

जमलं!! तीन दिवस झाले, जजनं एकदाही मान झटकली नाही. मान खाली, कान पुढे, पूर्वीचा जज! उगाच लांबचा फेरा मारला, टेकडीच्या मागून. लगाम हातात धरून बसलो होतो, पण खरं तर तोच मला घेऊन फिरत होता. खूप दिवसांनी एकट्यानं मोठ्यानं हसलो.

फ्लॉइडचं लोखंड. बुटकी कमान. मी म्हणालोच होतो. संध्याकाळी टेबलावर सगळ्यांना कमानीची उंची समजावून सांगितली, अर्धा तास. ड्वेन म्हणाला, "छान झालं साहेब." मायते माझ्या चेमटलेल्या अंगठ्याकडेच बघत होती. बघू दे. कप अर्धाच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

अंगठा बरा झाला. जज बिघडला.

पुन्हा तेच. झटक, झटक, झटक. चार दिवस नव्या नवरीसारखं वागला आणि लोखंडाची नवलाई संपताच मूळ पदावर. ढोंगी आहे. अभ्यास करतो माझा.

२५ सप्टेंबर

मऊ लोखंडाचं, गंजवालं. वाईट.

२७ सप्टेंबर

मधे दोन सांधे असलेलं. आणखी वाईट. आज तोंड उघडं टाकून चालत होता, गावभर आ दाखवत.

टेबल अजून हलतं. दुसरा पुठ्ठा.

३० सप्टेंबर, सोमवार

माझ्या खोगिराच्या खुंटीवर आज कोणीतरी एक लोखंड अडकवून ठेवलं होतं. जाड सरळ दांडी, कमान नाही, फिरकी नाही, चांदी नाही. ड्वेनचं! चिठ्ठी नाही, काही नाही. विचारायचीही हिंमत नाही त्याची, नियम त्यालाही ठाऊक आहे.

याला मी मुकं लोखंड म्हणतो. हातानं सांगितलेलं निम्मं वाटेतच गिळतं. टेक्सासात घोड्याशी बोलण्यासारखं काही नसावं, म्हणून चालत असेल.

(घालून बघितलं. कोणी नसताना. जुन्या कुरणात. नऊच वेळा झटकली. नऊ! पण व्हर्नकाकानं हे पाहिलं असतं तर थुंकला असता. काढून परत त्याच्या खुंटीवर ठेवलं.)

५ ऑक्टोबर, शनिवार

आठ तारखेला डोंगरावरच्या गाई खाली आणायच्या. शेजारच्या दोन रँचची माणसं येणार. मी मुकं लोखंड घालून त्यांच्यासमोर जाऊ? चांदीचंच घालणार. घोडा सुधारायचा तर त्याच्यावर अब्रूचा भार पडू दे.

फाटकांचं एक लिहायचं राहिलं. हा ड्वेन मी फाटकाजवळ पोचायच्या आत धावत येऊन ते उघडतो. प्रत्येक वेळी! घोड्यावरून उतरून, साखळी सोडून, टोपीला हात लावून. मी घोड्यावर बसूनच फाटक उघडायचो तेव्हा हा पाळण्यात असेल. टेक्सासात फाटकं नसावीत बहुतेक, म्हणून इतकी हौस.

८ ऑक्टोबर, मंगळवार

लिहिताना अजून रक्त उसळतंय.

सकाळपासून जज नाचत होता. तोंडाला फेस. शेजारचे दोघं आधी बघत होते, मग बघायचे थांबले — ते जास्त लागलं. कळप फाटकाशी आला तेव्हा मी खोगिराचा पट्टा आवळायला खाली उतरलो. बकल बसेना, थंडीनं बोटं आखडली होती. तेवढ्यात बारा-पंधरा गाई फुटल्या आणि थेट ओढ्याच्या घळीकडे. खाली घसरल्या असत्या तर पाय मोडून पडल्या असत्या.

ड्वेन फाटकापाशी पायी उभा. त्याचा घोडा पलीकडे बांधलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि जजवर उडी टाकली.

माझ्या घोड्यावर!

आणि जज — हे लिहायलाच हवं — जज तीरासारखा गेला. मान जागेवर, लगाम सैल, डाव्या हाताच्या दोन बोटांत. गाईंच्या पुढे जाऊन आडवा झाला, त्यांना वळवलं, परत आणलं. लांबून मला रातकिडा ऐकू येत होता. गात होता. पूर्वीसारखा.

ड्वेन उतरला, लगाम माझ्या हातात दिला. "माफ करा साहेब. गाई चालल्या होत्या."

म्हटलं, माझ्या वाट्याच्या घोड्यावर बसलास? सगळ्यांसमोर? तो लाल झाला. काही बोलायला तोंड उघडलं, लोर्नाकडे बघितलं, मिटलं. लोर्नाला तिथल्या तिथे सांगितलं, हा राहील नाहीतर मी. वळकटी त्यानं बांधायची. तिनं आधी गाई मोजल्या. मग म्हणाली, "पंधरा तारखेचा ट्रक जाऊ द्या, काका. मग बोलू." पंधरा कशाला? आजच का नाही? बापानं पाच मिनिटं लावली नसती.

९ ऑक्टोबर

मायते म्हणाली, "ड्वेन काल उपाशी झोपला." म्हटलं, त्याच्या वाट्याचं मटण मला वाढ. वाढलं. जाणार नव्हतं, तरी संपवलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आता शंकाच नाही. ड्वेनखाली चालतो, माझ्याखाली नाही. म्हणजे लोखंड ठीक, तोंड ठीक. घोडा मलाच छळतोय. ज्यानं बनवलं त्यालाच! पाच वर्षं. हिमवादळात त्याच्यासाठी गवत पाठीवर वाहिलं मी. पोटात कळ आली तेव्हा अख्खी रात्र चालवलं त्याला.

ट्रकच्या वाड्यात नेऊन सोडला. भंगार गाई आणि दोन लंगडी म्हातारी घोडी आहेत, त्यांच्यात. फाटक लावताना त्यानं माझ्याकडे बघितलं, तसंच, शिक्षा सुनावतो तसं. मी साखळीकडे बघत राहिलो. वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय.

१३ ऑक्टोबर

सकाळी जज परत आपल्या कुरणात! वाड्याचं फाटक लावलेलं, साखळी नीट. घोडा साखळी लावतो काय? परत नेऊन सोडला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज सकाळी पुन्हा कुरणात. पुन्हा वाड्यात.

दुपारी चांदीचं लोखंड पुसायला काढलं. काकाचं आहे, तेलपाणी करून पेटीत ठेवून द्यावं, आता कोणासाठी बाहेर काढायचं? खाटेवर बसलो. लगाम डाव्या हातात धरला, लोखंड गुडघ्यापाशी लोंबत होतं. उजव्या हातानं फडकं शोधत होतो.

किर्र.

ऑक्टोबरात रातकिडा? बाहेर दव गोठलंय. खाटेखाली बघितलं. काही नाही. किर्र, किर्र. मग खाली बघितलं, तर फिरकी फिरत होती. घोडा नाही, तोंड नाही, जीभ नाही.

लगाम उजव्या हातात घेतला. गप्प. डाव्या हातात घेतला. किर्र. पुन्हा उजव्या. गप्प. असं किती वेळा केलं ते लिहीत नाही.

टेबलाखालचे दोन्ही पुठ्ठे काढले. टेबल सरळ उभं आहे. ही वही मी डाव्या हातानं दाबून धरतो.

सहा महिने मी त्या घोड्याच्या टाळूवर ठकठक करत होतो. तो विचारत होता, काय? काय म्हणतोस? वळू? थांबू? आणि मी त्याला ढोंगी म्हणालो. आणि तो अर्धा कप. अरे देवा, तो अर्धा कप! भरलेला असता तर रोज सगळ्यांसमोर सांडला असता.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ट्रक आठला आला. जज पुन्हा कुरणातच होता. लोर्नाला म्हणालो, त्याला चढवू नकोस. माझ्या वाट्यातून काढ आणि ड्वेनला दे. याचा अर्थ काय ते मला ठाऊक आहे, वळकटी बांधून ठेवलीय.

तिनं ट्रकच्या टायरला लाथ मारली. म्हणाली, "काका, जज मे महिन्यापासून ड्वेनच्या नावावर आहे. तुम्ही पहिल्यांदा ट्रकचं नाव काढलंत ना, त्याच दिवशी मी केला, म्हणजे तुम्हाला तो चढवता येऊ नये. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही इथे राहिला नसतात. ड्वेन म्हणाला, बसू देत त्यांना, घोडा त्यांचाच आहे."

पाच महिने मी दुसऱ्याच्या घोड्यावर बसत होतो. त्याचं तोंड बिघडवत होतो. आणि त्याला त्याच्याच घोड्यावर बसला म्हणून हाकलायला निघालो होतो.

"वळकटी सोडा," लोर्ना म्हणाली. "गुरुवारी डॉक्टर. मी गाडी चालवीन."

मायतेकडे जाऊन कप पुढे केला. काठोकाठ भर म्हटलं. तिनं भरला. सांडला. कोणी बघितलं नाही असं सगळ्यांनी केलं, आणि मलाच हसू आलं.

मग पायीच कुरणाकडे गेलो. ड्वेन फाटक उघडून उभा होता. आज पहिल्यांदा त्याला थँक यू म्हणालो.